फॉल्ट-टॉलरंट व्हॅक्स काढून साधी व्हॅक्स बसवताना

१९९८ च्या पावसाळ्यात नागपूरजवळच्या हिंगण्याच्या आमच्या कारखान्यात एक फाइल फिरायला लागली. विषय : कॉम्प्युटर रूममधलं व्हॅक्स-एफटी, म्हणजे डिजिटल कंपनीचं, एखादा भाग बिघडला तरी काम न थांबवणारं (फॉल्ट-टॉलरंट) कॉम्प्युटर, ठेवायचं की काढायचं. मशीन धडधाकट होतं. पण देखभालीच्या कराराचा आकडा दरवर्षी फुगत चालला होता, वाय-टू-केचं (२००० साल लागताच दोन आकडी वर्षं चुकण्याचं) भूत सगळ्यांच्याच मानगुटीवर होतं, आणि त्याच वर्षी कॉम्पॅकने डिजिटल कंपनी विकत घेतली होती. आदल्या वर्षी त्यांनी टँडम घेतली होती, तीही अशीच न थांबणारी मशीनं बनवणारी कंपनी. एकाच घरात आता दोन-दोन न थांबणारी मशीनं. त्यातलं कुठलं पुढे चालू राहणार याचा अंदाज करायला ज्योतिषी लागला नसता. हेड ऑफिसचं पत्र एका ओळीचं होतं, ‘साधे व्हॅक्स चालेल किंवा कसे, ते कळवावे.’ सिस्टिम मॅनेजर मी, तेव्हा कळवायचं मलाच.

आधी हे मशीन काय होतं ते सांगतो, कारण आता ते पाहिलेली माणसंही कमी राहिली.

व्हॅक्स-एफटी ३००० ही मालिका डिजिटलने १९९० साली काढली. आमचं त्यातलं ३१० मॉडेल. शेजारीशेजारी दोन कपाटं, एक झोन ए, दुसरं झोन बी. प्रत्येक झोनला स्वतःचा सीपीयू, स्वतःची मेमरी, डिस्क, पॉवर सप्लाय, पंखे. मधून जाड केबल गेलेली. दोन्ही झोन घड्याळाच्या एकाच ठोक्यावर एकाच वेळी तीच इन्स्ट्रक्शन चालवायचे, याला लॉकस्टेप म्हणायचे. त्यातही प्रत्येक झोनच्या आत परत दोन प्रोसेसर. दोन कारकून शेजारी बसून एकच बेरीज करतात आणि उत्तर जुळलं तरच कागद पुढे सरकतो, तसं. नाही जुळलं तर तो झोन स्वतःहून बाजूला व्हायचा आणि दुसरा काम पुढे न्यायचा. म्हणजे एकूण चार चिप मिळून एका चिपचं काम. चिप सीव्हॅक्स, त्या काळच्या साध्या मायक्रोव्हॅक्समध्ये असायची त्याच घराण्यातली. वर व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम तीच, कमांड त्याच. झोनसाठीच्या चार-दोन कमांड तेवढ्या जास्तीच्या.

मशीन बसवलं तेव्हाचं प्रात्यक्षिक डोळ्यांनी पाहिलं होतं. ऑपरेटरला इन्व्हॉइस छापायला लावलं आणि इंजिनिअरने झोन बीचा ब्रेकर खाली पाडला. प्रिंटरचं डोकं तसंच डावीकडून उजवीकडे जात राहिलं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. कन्सोलवर संदेश आला, बस. मग त्याने झोन बी परत चालू केला. त्याने आधी स्वतःची तपासणी उरकली, मग झोन एच्या मेमरीची नक्कल त्याच्यात उतरली, आणि तो पावलाला पाऊल लावून चालायला लागला. हे सगळं लोक काम करत असताना. डिस्कचं मात्र असं झटपट नव्हतं. शॅडोइंगची, म्हणजे दोन डिस्कवर तोच डेटा ठेवण्याची, कॉपी पुढे कितीतरी वेळ चालू होती. आमचा ऑपरेटर हळूच म्हणाला, “साहेब, मंजे एकच मशीन दोनदा घेतली का आपण?” मी म्हटलं, “चारदा.”

पत्राला उत्तर द्यायचं म्हणून मी आधी इतर न थांबणाऱ्या मशीनची माहिती काढली. टँडम कंपनी १९७४ ची, तिचं पहिलं मशीन १९७६ ला ग्राहकाकडे गेलं. त्यांची पद्धत निराळी. प्रत्येक प्रोसेसरची मेमरी वेगळी, कुणाची कुणाशी वाटून घेतलेली नाही. काम करणाऱ्या प्रोसेसची एक जोडीदार दुसऱ्या प्रोसेसरवर बसलेली, आणि पहिली मधूनमधून तिला ‘मी इथवर आले’ असा निरोप पाठवणार. पहिली मेली की दुसरी तिथून उचलणार. स्ट्रॅटस १९८० ची. ते हार्डवेअरच दुप्पट करायचे. बोर्ड बिघडला की त्यावर लाल दिवा लागायचा आणि मशीन स्वतःच टेलिफोनवरून कंपनीला कळवायचं. ग्राहकाला पत्ता लागायच्या आत नवा बोर्ड कुरियरने दारात, अशी त्यांची ख्याती. मुंबईत दोन्ही घराणी नांदत होती. मुंबई शेअर बाजाराची बोल्ट ही सौद्यांची सिस्टिम टँडमवर, नॅशनल स्टॉक एक्स्चेंज स्ट्रॅटसवर.

आमच्यासाठी यातला कळीचा मुद्दा असा. व्हॅक्स-एफटी स्ट्रॅटसच्या गोत्रातलं होतं. सगळी कसरत हार्डवेअरमध्ये, प्रोग्रॅमला त्याची खबरच नाही. म्हणून तोच प्रोग्रॅम, परत कंपाइल न करता, साध्या व्हॅक्सवर उचलून ठेवता येणार. टँडम असतं तर त्यांची गार्डियन ही ऑपरेटिंग सिस्टिमच सर्वस्वी वेगळी, प्रोग्रॅम त्या जोडीच्या हिशेबाने लिहिलेले. सगळं नव्याने लिहायची पाळी आली असती. या बाबतीत आपण सुटलो, असं मला वाटलं. ते निम्मंच खरं होतं. ते पुढे येईलच.

मग ऑपरेशनचं रजिस्टर काढलं. मशीन आलं तेव्हापासूनच्या नोंदी त्यात होत्या, काही बॉलपेनने, काही पेन्सिलने, एका पानावर चहाचा गोल डाग. ऑपरेटरला बरोबर घेऊन शनिवार-शनिवार बसलो आणि दोन रकाने पाडले. एकात झोन पडल्याच्या नोंदी, दुसऱ्यात काम थांबल्याच्या.

पहिल्या रकान्यात डिस्क सर्वांत जास्त, मग पॉवर सप्लाय, एखादा मेमरी बोर्ड. यातल्या एकाही वेळी काम थांबलं नव्हतं. मशीनने घेतलेल्या पैशाला न्याय दिला होता, हे नाकारता येणार नाही.

दुसरा रकाना वाचायला जास्त मजा आली. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, एसीचा कॉम्प्रेसर बसला, खोली तापली, दोन्ही झोन एकामागोमाग बंद. फीडर, म्हणजे बाहेरून येणारी विजेची लाइन, गेला आणि यूपीएसची बॅटरी संपेपर्यंत आलाच नाही. कुणीतरी रिपोर्टच्या फायली टाकून टाकून डिस्क भरवली. महिनाअखेरचा जॉब दोनदा चालवला. आणि एक-दोनदा खुद्द व्हीएमएस कोसळलं. हे शेवटचं मी साहेबांना नीट समजावून सांगितलं. झोन एमध्ये सॉफ्टवेअरला जिथे ठेच लागते, तिथेच आणि त्याच क्षणी झोन बीलाही लागते. लॉकस्टेपचा अर्थच तो. दोघं मिळून एकच चूक अगदी बिनचूक करतात.

टँडममध्ये काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी १९८५ साली यावर एक अहवाल लिहिला होता. त्याची झेरॉक्स माझ्याकडे होती. टँडमच्या ग्राहकांकडची मशीनं कशामुळे थांबली, याचा त्यात हिशेब होता. सांभाळणाऱ्यांच्या हातून ४२ टक्के, सॉफ्टवेअर २५ टक्के, हार्डवेअर अवघं १८ टक्के. उरलेलं बहुतेक वीज-हवा. आमच्या रजिस्टरचा कल तसाच होता, फक्त नागपूरच्या उन्हाळ्याने वीज-हवेचा वाटा वाढवलेला. दोन झोन होते, पण खोली एक, एसी एक, अर्थिंग एक, फीडर एक. (एसी बसला की कुणीतरी हमखास खसची ताटी लावलेला कूलर ढकलत आणायचं. कॉम्प्युटर रूममध्ये ओली हवा सोडायची नसते, हे दर उन्हाळ्यात नव्याने सांगावं लागायचं.)

आता पहिल्या रकान्यातलं साध्या मशीनवर काय काय झालं असतं? साधं म्हणजे अगदीच उघडंवाघडं नव्हे. व्हॅक्स ४००० मालिकेतल्या मशीनची मेमरी एका बिटची चूक स्वतःच दुरुस्त करते. डिस्कचं शॅडोइंग तर व्हीएमएसमधलंच, ते साध्या व्हॅक्सवरही लागतं. म्हणजे आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी, डिस्क, तिथेही झाकली जात होती. राहता राहिले सीपीयू आणि पॉवर सप्लाय. एफटीसाठी जे चौपट मोजायचे ते एवढ्यासाठी.

पण एवढ्यावर कळवून टाकणं बरोबर नव्हतं. थांबलं तर किती वेळ चालतं, हे ज्याचं काम अडतं त्यालाच विचारायला हवं. भट्टीचं नियंत्रण वेगळ्या पीएलसीवर (यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरवर) होतं, त्याचा व्हॅक्सशी संबंध नाही. अडायचा तो डिस्पॅच. ट्रक तोलायचा काटा, मालाची नोंद आणि एक्साइजचं रूल ५२-एचं इन्व्हॉइस. ते हातात पडल्याशिवाय ट्रक गेटबाहेर जाऊ शकत नव्हता.

डिस्पॅचच्या इन्चार्जला विचारलं, अर्धा तास सिस्टिम बंद राहिली तर?

“अर्धा तास? अर्ध्या तासात तर गेटपासून रोडपर्यंत ट्रक लागून जाते ना साहेब.”

“आणि दहा मिनिटं?”

“दहा मिनिटात डायवर लोकं चहा पिऊन येते.”

माझ्या मते त्या फाइलमधली सर्वांत उपयोगाची ओळ ही होती. ती मी शुद्ध करून टिप्पणीत घातली. शेअर बाजारात दहा मिनिटं म्हणजे हाहाकार, तिथे टँडम-स्ट्रॅटसला दुसरा पर्याय नव्हता. आमच्याकडे दहा मिनिटांत चहा होत होता. दोन साधी व्हॅक्स घेऊन त्यांचं क्लस्टर केलं, म्हणजे त्याच डिस्क वाटून घेणारी जोडी केली, तर एक पडल्यावर दुसरं दहा मिनिटांच्या खूप आत काम उचलतं. क्लस्टरची सोय डिजिटलकडे १९८३ पासून, चांगली मुरलेली.

फरक एवढाच, की क्लस्टरमध्ये पडलेल्या मशीनवरचा चालू प्रोग्रॅम मरतो. लोकांना दुसऱ्यावर परत लॉगिन करावं लागतं. आणि मेमरीत जे होतं ते गेलं.

या शेवटच्या वाक्याने आमचे पुढचे कित्येक महिने खाल्ले.

काट्याचा प्रोग्रॅम फोरट्रानमधला. ट्रक रिकामा आत येतो तेव्हा त्याचं वजन होतं, ते टेअर. माल भरून बाहेर निघताना परत वजन, ते ग्रॉस. वजाबाकी करून निव्वळ वजन इन्व्हॉइसवर चढतं. दोन वजनांमध्ये दोन-तीन तास सहज जातात. तेवढा वेळ टेअर कुठे ठेवलेलं? मी समजत होतो फाइलमध्ये. सोर्स उघडला तर ते ग्लोबल सेक्शनमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी वाटून घेतलेल्या मेमरीत. फाइलमध्ये जायचं ते पाळी संपताना, एकदम. लिहिणाऱ्याला दोष देता येत नाही. त्याला सांगितलंच होतं, की हे मशीन बंद पडत नाही. त्याने त्यावर विश्वास ठेवून वेगवान प्रोग्रॅम लिहिला. दुसऱ्या रकान्यातल्या एका नोंदीपुढे ‘गेटवर भांडण’ असं का लिहिलंय, ते मला तेव्हा उमगलं. फीडर गेला, टेअर गेलं, आणि भरलेल्या ट्रकचं टेअर घ्यायचं तर माल उतरवावा लागतो.

मग अशा जागा हुडकण्याचं काम निघालं. सर्च कमांड लावून सगळ्या सोर्समधून ग्लोबल सेक्शनचे कॉल काढले, प्रत्येकापुढे लिहिलं की यात काय राहतं आणि गेलं तर काय होतं. बरंचसं निरुपद्रवी निघालं, रेट-टेबल वगैरे, परत वाचून घेता येणारं. टेअरसाठी इंडेक्स्ड फाइल केली, किल्ली ट्रक नंबर, काट्याने आकडा दिला की त्याच क्षणी डिस्कवर. वेग कमी झाला का? झाला असावा. काट्यावरच्या माणसाला कळला नाही.

इन्व्हॉइसचा नंबर हे दुसरं दुखणं. एक्साइजला नंबर ओळीने लागायचे. मधला गाळता यायचा नाही, एकच दोनदा देता यायचा नाही. तोही मेमरीतच मोजला जात होता. तो एका रेकॉर्डमध्ये आणला. क्लस्टरमधलं कुठलंही मशीन त्या रेकॉर्डला कुलूप लावूनच पुढचा नंबर घेईल. तरी एक फट राहतेच. नंबर घेतला, छपाईच्या आधी मशीन पडलं, तर? यावर मी दोन दिवस डोकं लावत होतो. एक्साइजचं काम पाहणाऱ्या कारकूनकाकांनी चष्मा न काढताच सोडवलं. “रद्द म्हणून छापा, तिन्ही प्रती फाइलला लावा. कागद अडकून फाटतो तेव्हा काय करतो आपण?”

वाय-टू-केचं म्हणाल तर व्हीएमएसने आम्हाला त्रास दिला नाही. त्याचं घड्याळ १७ नोव्हेंबर १८५८ पासून मोजतं आणि सन ३१०८६ पर्यंत पुरतं. दोन आकडी वर्षं आमच्याच कोबोल प्रोग्रॅममध्ये होती. ती दुरुस्त केली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नवी मशीनं आली, व्हॅक्स ४००० मालिकेतली दोन, प्रत्येकी जुन्या कपाटाच्या पासंगालाही न पुरणाऱ्या आकाराची. वेग एफटीहून कितीतरी जास्त. डेकनेट या डिजिटलच्या नेटवर्कमध्ये मशीनचं नाव सहा रोमन अक्षरांपलीकडे जात नाही. आमच्याकडच्या नद्यांची नावं दिली, एकाला पेंच, दुसऱ्याला कन्हान. कन्हान बरोब्बर सहात बसलं. पेंच कॉम्प्युटर रूममध्ये ठेवलं आणि कन्हान मुद्दाम डिस्पॅचच्या इमारतीत, वेगळ्या एसीवर, वेगळ्या फीडरवर. एफटीचे दोन झोन असे लांब ठेवता आले नसते. इमारतींमधली केबल तांब्याची न घेता फायबरची घेतली, कारण जूनमध्ये आमच्या माळावर विजा काय पडतात ते मोडेमवाल्याला विचारा. डिस्क दोन्हीकडे, शॅडो जोडी दोन इमारतींत पसरलेली.

दोनच मशीनच्या क्लस्टरमध्ये एक गोम असते. मधला दुवा तुटला तर दोघांनाही वाटेल, समोरचा मेला. दोघंही डिस्कवर लिहायला लागले तर डेटाचा चिवडा. म्हणून मतदान असतं. बहुमत असेल त्याने चालावं, दुसऱ्याने गप्प राहावं. दोन मतांत बहुमत कसं काढणार? तिसरं मत हवं. ड्रॉइंग विभागातून बाद झालेलं एक छोटं व्हॅक्सस्टेशन धूळ खात होतं, ते अकाउंट्समध्ये टेबलाखाली बसवलं. नाव अर्थातच नाग. एकूण मतं ३, कोरम (चालायला लागणारी किमान मतं) २. नागला दुसरं काहीच काम नव्हतं, फक्त जिवंत राहायचं.

चाचणीला रविवार धरला. एक ट्रक मुद्दाम बोलावला, टेअर घेतलं, ट्रक आत गेला, आणि मी पेंचची वायर भिंतीतून ओढली. काट्याच्या टर्मिनलवर सेशन तुटल्याचा संदेश आला आणि टर्मिनल सर्व्हरचा ‘लोकल’ प्रॉम्प्ट. कन्हानने ठरल्याप्रमाणे वीस सेकंद वाट पाहिली, पेंच येईल म्हणून. मग त्याला यादीतून काढलं, कुलपांचा हिशेब नव्याने मांडला आणि कामाला लागला. ऑपरेटरने कनेक्ट केलं, पासवर्ड दिला, ट्रक नंबर टाकला. टेअर जागेवर होतं. इन्चार्ज चहा सांगायला गेला होता, तो यायच्या आत सगळं झालं.

गैरसोयी झाल्या, त्याही सांगतो. पेंच परत चालू केल्यावर शॅडो डिस्कची ताळमेळ जुळवणी सुरू झाली. आमच्या १० मेगाबिटच्या इथरनेटवर ती रात्रभर रेंगाळली आणि तोवर रिपोर्ट काढणारे कुरकुरत होते. एफटीवर मेमरी काही क्षणांत सारखी व्हायची, त्याची तेव्हा आठवण आली. परत लॉगिन करण्याचा रागही बरेच दिवस होता. “जुनी मशीन असं पासवर्ड मागे नाही” हे मी इतक्यांदा ऐकलं, की शेवटी पासवर्डच्या खाली ‘कृपया’ छापून दिलं.

डेटा टेपवरून उतरवून, महिनाभर दोन्हीकडे समांतर नोंदी करून, १९९९ च्या दिवाळीआधी एफटी बंद केलं. कराराचे जे पैसे वाचले त्यातून कॉम्प्युटर रूमला दुसरा एसी आणि डिस्पॅचला छोटा जनरेटर घ्यावा असं मी लिहिलं. एसी लगेच मिळाला, जनरेटरसाठी पुढचं बजेट उजाडलं.

नंतर काही आठवड्यांनी रोज संध्याकाळी सहा-सव्वासहाला कन्सोलवर संदेश यायला लागला, की नाग क्लस्टरमधून गेलं. सकाळी दहाला परत आलेलं असायचं. काम काही अडायचं नाही, पेंच आणि कन्हान मिळून दोन मतं होती. पण त्या वेळात दोघांपैकी एक पडलं असतं, तर उरलेलं एकटं मत धरून निमूट थिजून बसलं असतं आणि रात्रपाळीचे ट्रक गेटवर. नेटवर्क तपासलं, पॉवर सप्लाय बदलला. मग एक दिवस मी सहा वाजता अकाउंट्समध्ये जाऊन उभा राहिलो. घरी निघताना प्यून एकेक स्विच बंद करत आला, दिवे, पंखे, आणि टेबलाखाली वाकून नाग.

“हे काहून बंद करून राहिला?”

“साहेब, याच्यावर कोणी कामच नाही करत. फालतू लाइट जळते.”

स्विचवर ‘हात लावू नये’ची चिठ्ठी चिकटवली, ती एसीच्या हवेने दुसऱ्याच आठवड्यात पडली. शेवटी नागला टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत हलवलं. तिथली बॅटरी कायम भरलेली असायची, आणि किल्ली एकट्या टेलिफोन ऑपरेटरबाईंकडे.